उजवीकडची धडधड

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन धड नाही. कुठला उकार पहिला आणि कुठला दुसरा हे मला चौथीतही कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षर तर वाईटच. मुलगी म्हणते, आई, तुझी ओळ उताराला लागते. कागदही माझे नाहीत. तिच्या खराडीच्या ऑफिसात एका बाजूला छापलेले कागद टाकून देतात, ते ती घरी आणते. एका बाजूला तिचं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मी. हे कोणी वाचणार नाही, वाचावं असं मला वाटतही नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी. जन्मभर मी कुठल्याही खोलीत शिरताना आधी दारात थांबले आहे.

मी आया होते. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, जिथे पेशंट बरे व्हायला येतात आणि तरुण डॉक्टर शिकायला येतात. आम्ही यवतमाळकडचे. मुलीचे वडील सिक्युरिटीत लागले म्हणून पुण्यात आलो, आणि मला ओळखीने वॉर्डात काम मिळालं. चादरी बदलायच्या, जेवण वाढायचं, पडदे ओढायचे, चहा द्यायचा. सगळे मला मावशी म्हणत. माझ्यापेक्षा मोठे पेशंटही मावशी म्हणत. मी मान खाली घालून काम करायची, त्यामुळे मला लोकांचे चेहरे कमी आणि हात जास्त आठवतात.

त्या दिवसांत सगळीकडे कॉम्प्युटर येत होते. आमच्याकडे केसपेपर लिहिणारे गेले आणि छापून देणारं यंत्र आलं. हॉस्पिटलसमोर औषधांच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. माझी मुलगी बारावी झाली होती, तिला तिथे घालायचं माझ्या मनात होतं. नव्या वर्षाची बॅच सुरू होण्याआधी पूर्ण फी भरायची होती. ती मी घरात कोणाला न सांगता, चहाच्या जुन्या डब्यात साठवत होते.

पावसाळा संपता संपता बाबा आमच्या वॉर्डात आले. साठीचे असतील. मार्केट यार्डात हमाली केलेले, पाठ ताठ, पण छातीत कायमचा खोकला. त्यांना शेवटची, खिडकीजवळची कॉट मिळाली. पहिल्याच दिवशी मी चादर बदलत होते तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते माझ्या अंगावर कलंडले. त्यांच्या डाव्या छातीखाली माझा पंजा दाबला गेला. मी त्यांना धरून थांबले. उबळ गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हाताखाली काहीच हलत नाही. इतका वेळ खोकलेला माणूस, छाती धडधडायला हवी. तिथे भिंतीसारखं शांत होतं.

मी हात काढून घेतला. बाबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "घाबरू नगं. हाय. पर तिथं न्हाई."

सिस्टरनी मला नंतर सांगितलं, की या बाबांचं काळीज उजवीकडे आहे. लिव्हर डावीकडे. आरशात दिसतं तसा माणूस. लाखात एखादा असतो. म्हणूनच परीक्षेच्या वेळी यांना दर वर्षी बोलावून घेतात, मोठ्या डॉक्टरांच्या परीक्षेत 'केस' म्हणून बसवतात, जेवण देतात आणि भत्ता देतात. मी ऐकलं, आणि घरी जाऊन पोळ्या लाटताना सारखा माझ्याच छातीला हात लावून पाहिला.

तरुण डॉक्टरांची बाबांनी फार फजिती केली. एक नवा हाउसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, आला होता, आदल्याच दिवशी रुजू झालेला, शर्टाची घडीही न मोडलेली. दुपारची वेळ होती. बाबांना एक वाईट सवय होती. ते डोळे उघडे ठेवून पडायचे आणि पापणी हलवायचे नाहीत. हाउसमनने त्यांना हाक मारली, उत्तर नाही. डावीकडे स्टेथोस्कोप लावला. परत लावला. मग तो ओरडला, सिस्टर धावल्या, आणि तो दोन्ही हातांनी बाबांची छाती दाबायला लागला.

चार-पाच वेळा दाबून झाल्यावर बाबा म्हणाले, "डाक्टर, दमला आसाल. जरा बसा."

हाउसमन मागच्या मागे ट्रॉलीवर आदळला. बाबांनी त्याच्या गळ्यातली नळी ओढून स्वतःच्या उजव्या छातीवर ठेवली. "हिकडं ऐका. हिकडं दुकान उघडं हाय."

सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या कॉटवर सदाशिव पेठेतले एक निवृत्त मास्तर होते, ते म्हणाले, "डॉक्टर, आमचं अजून डावीकडेच आहे. दाबायचं असेल तर विचारून दाबा." त्यावर पुन्हा हशा झाला. मला मात्र हसू आलं नाही. मी बाबांच्या पायाशी उभी होते. तो पोरगा छाती दाबत असताना बाबांचे डोळे छताकडे होते आणि ते कशावर तरी खिळले होते, जसं आपण ओळखीचं माणूस जिना उतरताना बघतो तसे.

एक्स-रेचा घोळ वेगळाच. जो कोणी नवा डॉक्टर फोटो उजेडाच्या पेटीवर लावायचा, तो म्हणायचा, अरे, उलटा लागला. आणि उलटवून परत लावायचा. मग तो नॉर्मल दिसायचा. एकाने तर खाली नॉर्मल असं लिहूनही टाकलं.

बाबांचं जेवण हा माझा विषय. ते डावखुरे होते. पहिल्या दिवशी डाव्या हाताने जेवताना पाहून मास्तर म्हणाले, "अहो, आपण हॉस्पिटलात आहात, पण अन्न अन्नच आहे." दुसऱ्या दिवशी बाबा उजव्या हाताने जेवले. तिसऱ्या दिवशी परत डाव्या. मला वाटलं, माणूस लहरी आहे. पण डाव्या हाताने जेवायचे त्या दिवशी ते ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवायचे. दीड पोळी, थोडी भाजी, भाताची अर्धी मूद.

मी विचारलं, "बाबा, जात नाही का?"

"जातंय की. हे त्याचं हाय."

"कोणाचं?"

"येतो. जेवून जातो."

त्यांना भेटायला कधी कोणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. पण मी बाकीची ताटं गोळा करून परत यायचे, तेव्हा ताट रिकामं असायचं. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "मी वर्तमानपत्र वाचत होतो. दुसऱ्याच्या ताटात बघायची आमच्याकडे पद्धत नाही."

मग एक दुपार आली. जेवणं झाली होती, वॉर्ड पेंगत होता. मी घाण चादरींचं गाठोडं घेऊन निघाले. जाताना पाहिलं, बाबा कॉटवर पडलेले, डोळे उघडे. दारातून बाहेर पडले, जिन्याकडे वळले, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर बाबा उभे होते. तोच सदरा. कठड्याला डावा हात. वर माझ्याकडे बघत होते. मी गाठोडं टाकलं आणि मागे वळून वॉर्डच्या दारातून आत पाहिलं. बाबा कॉटवर होते. परत जिन्याकडे पाहिलं तर वळण रिकामं होतं, नुसतं ऊन पडलं होतं.

मी हे कोणाला सांगितलं नाही. कोणाला सांगणार? आया वेडी झाली म्हणून काढून टाकलं असतं. त्या दिवसापासून मी बाबांची चादर दुसऱ्या मावशीकडून बदलून घ्यायला लागले आणि बदल्यात तिची बाथरूम धुवायची.

आता डॉक्टरताईचं सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळे लिहायला घेतलं.

ती आमच्याकडचीच, दारव्ह्याजवळची. एवढी शिकलेली, पण माझ्याशी एकटी असली की आमच्या भाषेत बोलायची. तिची मोठी परीक्षा एकदा हुकली होती. पुढच्यासाठी ती पुन्हा तयारी करत होती. ती नापास झाली तर वडील तिला परत बोलावून घेणार होते, मुलगा बघून ठेवला होता. मला हे तिनेच सांगितलं, कोरड्या चादरींच्या खोलीत बसून.

खरं तर ती हुशार होती. तिचा घात एका राउंडला झाला. मोठे सर राउंडला आले, त्याच वर्षी आमच्याकडे बदलून आलेले. सर म्हणजे पक्के पुणेरी, आवाज चढवायचे नाहीत, त्यांना तशी गरजच पडायची नाही. ताईने बाबांची केस सांगितली. काळीज उजवीकडे, सगळं उलट. सरांनी नळी लावली. उजवीकडे ऐकलं. डावीकडे ऐकलं. मग नळी काढून म्हणाले, "आपण आरशात बघून शिकलात का?"

ताई म्हणाली, "सर, मी काल स्वतः ऐकलंय."

"काल ऐकलं असेल. आज यांनी ते परत जागेवर नेऊन ठेवलेलं दिसतं. सामान हलवायचा यांचा धंदाच आहे."

सगळे हसले. तिने नळी लावून पाहिली. काळीज डावीकडे होतं. स्पष्ट, जोरात. ती पांढरी पडली. बाबा त्या वेळी छताकडे बघत होते. त्या दुपारी ते उजव्या हाताने जेवले, आणि ताटात काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर एकटेच आले. बरोबर कोणी नव्हतं. बाबांच्या छातीवर एकदा इकडे, एकदा तिकडे नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मग नळीची घडी केली, खिशात घातली, आणि मला म्हणाले, "मावशी, चहा आहे का?" आजवर त्यांनी माझ्याकडे चहा मागितला नव्हता. पिताना त्यांच्याकडून बशीत चहा सांडला. कप तसाच ठेवून निघून गेले.

त्या राउंडनंतर ताईचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. मला म्हणाली, "मावशी, मले आता काहीही ऐकू येते आणि काहीच ऐकू येत नाही." कुठल्याही पेशंटला नळी लावली की दुसऱ्या डॉक्टरला विचारायची, तुला काय ऐकू आलं? परीक्षेत कोणाला विचारणार?

बाबांनी हे हेरलं. ते घरी जायच्या आधी तिला म्हणाले, मी शेजारच्या कॉटची चादर झटकत तिथेच होते, "बाई, परीक्षंला मी येणार. इतकी वर्सं बसतोय. पोरं गेल्यावर मोठं डाक्टर आपसांत बोलत्यात, ह्यानं हे सांगाय पायजे हुतं, ते सांगाय पायजे हुतं. मला समदं पाठ हाय. दुसऱ्या कुणाला मी अंगाला हात लावू द्यायचो न्हाई. म्हणंन, बाईच पायजे. तुम्ही आला की मी हळूच सांगंन, तसं म्हणा." आणि मग रक्कम सांगितली. औषधांना लागतात म्हणाले. खोकला खरोखरच वाढला होता.

ताईकडे तेवढे नव्हते. ती चादरींच्या खोलीत येऊन रडली. मी घरी गेले, चहाचा डबा काढला, आणि दुसऱ्या दिवशी पुडकं तिच्या ॲप्रनच्या खिशात घातलं. तिने विचारलं, कशाचे? मी म्हटलं, पोरीच्या क्लासचे, बॅच सुरू व्हायच्या आधी द्या. ती म्हणाली, "पास झाली की नोकरी, मावशी, आणि पहिल्या पगारात तुमचे. नाही झाली तर..." त्याच दुपारी तिने पुडकं बाबांना दिलं. पण रात्री मुलीने क्लासचा कागद दाखवला, आई, फोटो दोन लागतात म्हणाली, तेव्हा मला कळलं की मी तिची फी एका उलट्या माणसाच्या छातीवर लावली आहे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी वॉर्ड धुऊन घेतला. पडदे नवे लावले. बाहेरून दोन परीक्षक आले होते, आणि आमचे सर. बाबा वेळेवर आले. धुतलेला सदरा, केस ओले. केसपेपर हातात. मी चहा दिला. त्यांनी उजव्या हाताने घेतला. मी वाट बघत होते, आता खोकतील. खोकले नाहीत. पूर्ण कप प्यायले आणि एकदाही खोकले नाहीत. मग माझ्याकडे बघून, आठवण झाल्यासारखे, दोनदा खोटं खोकले.

तेच तोंड, त्याच सुरकुत्या, पण माझ्याकडे ते ओळख नसल्यासारखे बघत होते. महिनाभर मी ज्यांना वाढलं, ते मला विचारत होते, "बाई, मोरी कुठं हाय?"

पहिला परीक्षार्थी आला. बाबांनी सदऱ्याची बटणं लावून घेतली. "ह्यांचे हात गार हायेत." दुसरा आला. "ह्यांच्या तोंडाला वास येतोय." परीक्षक वैतागले. म्हणाले, "हे पेशंट आहेत की वधूपिते?" सर म्हणाले, "यांच्याशी वाद घालू नका, दुसरी अशी केस आपल्याकडे नाही." शेवटी ताईला पाठवलं. मी पडदा ओढला आणि बाहेर पडद्याला धरून उभी राहिले. फट होती, आत दिसत होतं.

ताईने नळी लावली. बाबा ओठ न हलवता बोलायला लागले. "उजवीकडं, बाई. उजवीकडं. लिव्हर डावीकडं. फोटू उलटा न्हाई म्हणा. सरळच हाय म्हणा." देवाचं नाव घेतात तसं, एका सुरात, पुन्हा पुन्हा. ताईने उजवीकडे ऐकलं. फार वेळ ऐकलं. मग डावीकडे नळी ठेवली आणि डोळे मिटले. "उजवीकडं, बाई," ते म्हणतच होते, आणि नळी त्यांच्या डाव्या छातीवर उडत होती. मला फटीतून दिसत होती उडताना.

ताईने डोळे उघडून पडद्याच्या फटीकडे पाहिलं. मला आजही तो चेहरा आठवतो. राउंडच्या दिवसापेक्षाही पांढरा. मी मान हलवली नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून. मला काय माहीत होतं?

परीक्षक आत आले. एकाने फोटो उजेडाला लावला. "सांगा."

ताई म्हणाली, "सर, हृदय डावीकडे आहे. लिव्हर उजवीकडे. सगळं जागच्या जागी आहे. हा फोटो या माणसाचा नाही."

"डॉक्टर," परीक्षक म्हणाले, "फोटोवर यांचं नाव आहे. केसपेपरवर यांचं नाव आहे. पेशंट स्वतः उजवीकडे-उजवीकडे करतोय, आम्ही बाहेरून ऐकलं. एकट्या आपणच वेगळं सांगताय."

"हो सर. मला तिथे ऐकू येतंय."

परीक्षकांनी स्वतः नळी लावली. मग दुसऱ्याने लावली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर पडद्याच्या दांडीला धरून उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "मी यांना एकदा डावीकडे ऐकलंय. दुसऱ्या दिवशी उजवीकडे ऐकलं. कोणाला बोललो नाही. मला वाटलं, माझंच वय झालं. यांना मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो होतो." यांना म्हणजे ताईला.

"मग आता पास कोणाला करायचं? पेशंटला?" पहिले परीक्षक म्हणाले. हसलं कोणीच नाही.

तेव्हा बाबा उठून बसले. हात जोडले. "सायेब, बाईला नापास करू नगा. तिचं बरोबर हाय. त्यो काल दुपारी गेला. मी दुसरा हाय."

ते जुळे भाऊ होते. मार्केट यार्डात हमालीचा बिल्ला एकच मिळाला होता, फार वर्षांपूर्वी, आणि दोघं मिळून तो एकच बिल्ला वापरत आले होते. सकाळी एक, दुपारी दुसरा. एक आजारी पडला की दुसरा लावून जायचा. टोळीत कोणाला कळलं नाही, किंवा कळलं तरी कोणी बोललं नाही. यार्डात ते एकच माणूस होते. हॉस्पिटलातही तसंच केलं. खोकला नसलेला दमला की एखाद्या दिवशी चार घटका कॉटवर पडायचा, आणि खोकणारा जाऊन बिल्ल्याची हजेरी लावून यायचा.

"काल गेला म्हणता," सर म्हणाले, "आणि आज तुम्ही इथे?"

"सांजच्याला पोचवला. सकाळी आंघुळ केली आन आलो. त्यानं बाईला शबूद दिलेला. त्यो आजारी की मी जातुया. आजवर आसंच चाललं." मग जरा थांबून म्हणाले, "म्या म्हनलं, सांगायचं ते मला म्हाईत हाय, त्यानं शिकवलंय. काळजाकडं कोन बघतंय?"

दोन्ही परीक्षक बाहेर गेले. सर जागेवरच उभे राहिले. मग ताईला म्हणाले, "आपण बाहेर बसा. पाणी प्या." सरांनी आपण म्हटलं, पण त्या दिवशी त्यात खोच नव्हती.

निकाल लागला तेव्हा ती पास होती.

पण मला पैशाचं सांगायचं आहे. परीक्षेच्याच दिवशी, दुपारी, बाबा, म्हणजे दुसरे बाबा, चादरींच्या खोलीच्या दाराशी आले. ताई आणि मी आत होतो. त्यांनी रुमाल सोडला. त्यात अर्ध्याहून कमी पैसे उरले होते. बाकीचे औषधांना गेले, लाकडांना गेले. त्यांनी रुमाल ताईपुढे धरला. "सांगितलेलं काम झालं न्हाई. परत घ्या."

ताई म्हणाली, "माझे नाहीत, मावशींचे आहेत. आणि राहिलेले मी देईन, माझ्या पगारातून."

"न्हाई बाई," ते म्हणाले. "त्याचं त्यालाच फेडाय पायजे. आता त्याच्या जागी मी फेडीन, म्हैन्याला थोडं थोडं. न्हाईतर त्यो मला झोपू द्यायचा न्हाई. काल रातीच येऊन बसला हुता."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. वाद घालायचं धाडस मला झालं नाही, त्यांच्याशीही आणि ज्याचं ते सांगत होते त्याच्याशीही.

मी तो रुमाल घेऊन समोरच्या क्लासमध्ये गेले. तिथल्या मुलाने बाकीची फी हप्त्याने घ्यायची कबूल केलं. तो म्हणाला, काकू, दर महिन्याला मात्र चुकवू नका. मी नाही चुकवली. कारण ते चुकले नाहीत. दर महिन्याला, यार्डातल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बाबा जिन्याच्या मधल्या वळणावर येऊन उभे राहायचे. त्याच जागी. डोकं आता भादरलेलं, मग हळूहळू पांढरे खुंट आलेले. खिशातून नोटा काढून उजव्या हाताने माझ्या हातात द्यायचे. मी तशीच रस्ता ओलांडून क्लासला द्यायची. ताई तोवर अकोल्याला नोकरीला लागली होती. तिचा फोन आला की मी सांगायची, आले पैसे.

एकदा मी धीर केला. त्याच वळणावर उभे होतो. मी विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं एकाच वेळी वॉर्डात यायचा का? मी एका दुपारी पाहिलं होतं. एक कॉटवर, एक इथे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "न्हाई बाई. अदलाबदल फाटकाबाहेर करायचो, रसवंतीच्या मागं. दोघं एकदम आत कधीच आलो न्हाई. घावलो आसतो की."

"मग ते ताट? अर्धं ताट तुमच्यासाठी ठेवायचे ना?"

"कसलं ताट?"

मी सांगितलं. ते कठड्याला टेकले. म्हणाले, "मला त्यानं कधी जेवाय बोलावलं न्हाई. कुणाला बोलवायचा कुणास ठाव." आणि घाईघाईने खाली उतरले. पुढच्या महिन्यात आले तेव्हा वळणावर थांबले नाहीत, खाली फाटकाशी उभे राहिले. मी खाली जाऊन पैसे घेतले.

शेवटचा हप्ता राहिला. मुलीचा क्लास संपत आला होता. त्या दुपारी मी फाटकाशी गेले, तिथे कोणी नव्हतं. वाट पाहिली. रसवंतीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, आज आले नाहीत. मी परत वर यायला निघाले, आणि वळणावर ते उभे होते. कठड्याला टेकून. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "बाबा, मी खाली शोधत होते."

ते खोकले. खोल, छातीच्या तळातून, जसा खोकला मी महिनाभर ऐकला होता. खिशात हात घातला आणि नोटा पुढे केल्या. मी उजवा हात पसरला होता. त्यांनी डाव्या हाताने दिल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मला हातच आठवतात. डाव्या हाताची बोटं माझ्या तळव्याला लागली, गार होती. मी मूठ मिटली आणि मान खाली घालून पायऱ्या उतरले. मागे वळले नाही. रस्ता ओलांडला, क्लासच्या जिन्यावर चढले, आणि टेबलावर मूठ उघडली. मुलाने नोटा मोजल्या, एकदा, मग परत एकदा, आणि म्हणाला, "काकू, झाले. पूर्ण झाले."